हल्ली छपाईच बारीक झाली आहे

चाळिशी उलटलेल्या मराठी माणसाला पेपरातलं बारीक अक्षर दिसेनासं झालं की तो पहिल्यांदा छापखान्याला धरतो. "शाई वाचवतात लेकाचे!" मग खोलीतल्या दिव्याला. तो दिवा बायकोने सेलमध्ये आणलेला असला तर हा मुद्दा जरा लांबतो. त्यानंतर जागरण, पित्त, एसी आणि कालचं पनीर. डोळ्यांची पाळी येते ती सगळ्यांच्या शेवटी. गुडघा कुरकुरला तर आपण गुडघा गेला म्हणतो, दाढ ठणकली तर दाढ किडली म्हणतो. दिसेनासं झालं की मात्र जगच बिघडलेलं असतं.

बरं, हा माणूस गप्प बसून सोसत असतो असंही नाही. त्याच्याकडे युक्त्या असतात. हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की ते न उघडता बाजूला ठेवून तो वेटरला विचारतो, "आज ताजं काय आहे?" टेबलावरच्यांना वाटतं, काय दर्दी माणूस आहे! लग्नपत्रिका आली की मुलीला सांगतो, "मोठ्याने वाच गं, सगळ्यांना कळू दे मुहूर्त." बँकेत गेला की सगळ्या अटी डोळे मिटून मान्य करतो, कारण वाचण्यापेक्षा ते सोपं. व्हॉट्सॲपची अक्षरं त्याने इतकी मोठी करून ठेवलेली असतात की लोकलमध्ये त्याच्या साडूचा मेसेज आजूबाजूच्या तिघांचा त्याच्याआधी वाचून होतो.

औषधाच्या गोळ्यांपुढे मात्र या सगळ्या युक्त्या संपतात. गोळ्यांच्या पट्टीवर मुदत कुठे असते? चंदेरी कागदाच्या अगदी कडेला, बरेचदा शाईबिई न लावता, नुसती ठशाने दाबलेली. ज्या वयात त्या गोळ्या सुरू होतात नेमक्या त्याच वयात ती वाचता येऊ नये, असा काहीतरी नियम असावा. आमचे हे गृहस्थ पट्टी दिव्याखाली तिरकी धरतात, एक डोळा बारीक करतात, मान मागे नेतात आणि शेवटी पाचवीतल्या पोराला हाक मारतात.

पोर येतं, पट्टी नाकाला लावतं आणि खेळायला जाता जाता तारीख सांगून टाकतं. ही काही त्याची हुशारी नव्हे. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. जवळचं बघायचं झालं की भोवतीचा स्नायू आवळतो, भिंगावरचा ताण सैल होतो आणि ते फुगतं. लहानपणी ते चांगलं लवचीक असतं. पण हे भिंग जन्मभर वाढतच राहतं, थरावर थर चढत जातात आणि ते कालच्या भाकरीसारखं कडक होत जातं. दहा वर्षांच्या पोराला डोळ्यांपासून ७-८ सेंटिमीटरवरचं अक्षर स्वच्छ दिसतं. चाळिशीत हे अंतर वीस-बावीसवर जातं, पन्नाशीत चाळीसच्या पुढे. म्हणजे ही घसरण शाळेत असल्यापासूनच चालू असते. पेपर आपण हातभर लांब धरून वाचतो म्हणून इतकी वर्षं पत्ता लागत नाही, इतकंच. यातून कोणी सुटत नाही. राजा सुटत नाही, डोळ्यांचा डॉक्टर सुटत नाही, रोज पहाटे उठून त्राटक करणाराही सुटत नाही. (त्राटक करणाऱ्याला हे सांगायला मात्र जाऊ नये. तास जातो.)

आमच्या घरात या भिंगापायी दोन काकांचं जुनं भांडण निकालात निघालं. मोठ्या काकांना शाळेतच चष्मा लागला, उणे अडीचचा, आणि त्याबरोबर 'ढापण्या' ही पदवी. धाकट्या काकांची नजर घारीची. प्लॅटफॉर्मवर गाडी शिरायच्या आत ते इंजिनाचा नंबर सांगायचे, आणि मोठ्या भावाकडे बघून पुन्हा एकदा सांगायचे. हे सुमारे तीस वर्षं चाललं. मग धाकट्यांनी पंचेचाळिशी गाठली आणि एका सकाळी 'छपाईच हल्ली...' असं म्हणत पेपर खाली ठेवला. मोठ्या काकांनी काहीही न बोलता स्वतःचा चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि निधनवार्तांचं पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. उणे अडीचच्या डोळ्याला ४० सेंटिमीटरवरचं काहीच न लावता दिसतं. साधा हिशेब आहे, शंभर भागिले अडीच. धाकटे काका याला लबाडी म्हणतात.

पुढे डॉक्टरांकडे तर आणखी कहर झाला. लांबची नजर फार चांगली म्हणून लहानपणी ज्यांचं कौतुक होतं, त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांत थोडा अधिकचा नंबर लपलेला असतो. तरुणपणी भिंग तो परस्पर भरून काढतं. भिंग दमलं की अशांना चाळिशी इतरांपेक्षा आधी लागते. हे वाक्य मोठ्या काकांनी 'जरा नीट कळलं नाही' म्हणून डॉक्टरांकडून पुन्हा वदवून घेतलं.

धाकट्या काकांनी चष्मा अर्थातच केला नाही. त्यांनी स्टेशनबाहेर फूटपाथवर मिळणारी तयार चाळिशी घेतली. तिथल्या विक्रेत्याचं शास्त्र बघण्यालायक असतं. तो डोळ्यांकडे बघतच नाही, केसांकडे बघतो. "वय?" "सत्तेचाळीस." "दीड घ्या. पन्नासनंतर या, दोनचा देतो." गंमत म्हणजे ठोकताळा म्हणून हे फारसं चुकीचं नाही. चाळिशीत एक, पन्नाशीच्या आसपास दोन, साठीत अडीच असाच साधारण हा जिना चढतो. मात्र ज्याचे दोन डोळे दोन नंबरांचे आहेत किंवा ज्याला तिरपा नंबर आहे, त्याचं या दुकानात काही खरं नाही. इथे दोन्ही डोळ्यांना समान न्याय मिळतो. काकांनी तो चष्मा खिशात टाकला आणि घरी "भिंग आणलंय, कधीतरी लागतं" असं जाहीर केलं. आता असं एकेक भिंग देवघरात, टीव्हीजवळ आणि न्हाणीघरात असतं.

लांबचं आणि जवळचं एकाच चौकटीत बसवायचा मान बेंजामिन फ्रँकलिनला देतात. १७८५ सालच्या एका पत्रात त्याने लिहून ठेवलंय की या दुहेरी चष्म्यामुळे पानातलंही दिसतं आणि समोर बसून बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो. तो तेव्हा फ्रान्समध्ये होता, आणि चेहरे दिसले की त्याला फ्रेंच जास्त कळायचं. आपल्याकडे हा चष्मा आला तो मुख्यतः हेडमास्तरांच्या नाकावर. खालच्या अर्ध्या चंद्रातून उत्तरपत्रिका आणि वरून आपण, अशी दोन्ही संकटं त्यांना एकदम दिसत. ती मधली रेघ १९५९ साली गेली. फ्रान्समध्ये बर्नार्ड मॅतनाझ या इंजिनिअरने तयार केलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा त्या वर्षी बाजारात आला. यात नंबर वरून खाली हळूहळू बदलत जातो, कडेला मात्र सगळं वाकडं दिसतं. नवा प्रोग्रेसिव्ह लावलेला माणूस जिना उतरताना ओळखू येतो. पहिल्या पायरीवर तो थांबतो, हनुवटी छातीला लावतो आणि पाय असा टाकतो की खाली पायरी आहे हे जणू त्याला अजून कोणी लेखी दिलेलं नाही. "सवय होईल," असं दुकानदार सांगतो. होतेही. तोवर "जिन्याच्या पायऱ्याच कमी-जास्त बांधल्यात" हा शोध लागलेला असतो.

पोरांच्या बाबतीत दोष वाटायचं काम मोठी माणसं करतात. पोर बिचारं काहीच बोलत नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे फळा सगळ्यांनाच असा पुसट दिसतो आणि झाड म्हणजे खाली तपकिरी, वर हिरवा ढग. शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी घरी आली की संध्याकाळी चौकशी आयोग बसतो. आजोबा म्हणतात, मोबाइल. आई म्हणते, "यांच्याकडे सगळेच चष्मेवाले," आणि त्यात थोडं तथ्य असतं. आजी म्हणते, गाजर खात नाही. आता अ जीवनसत्त्व मिळालं नाही तर डोळे जातात हे खरंच आहे, पण नीट जेवणाऱ्या पोराचा उणे नंबर गाजराने उतरत नाही. गाजराची कीर्ती वाढवली ती दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी. रात्री जर्मन विमानं पाडायला त्यांच्या विमानांना रडारची मदत असायची. ते गुपित राहावं म्हणून, आमचे वैमानिक गाजरं खातात अशी थाप त्यांनी पसरवली. इंग्रज गेले, गाजर राहिलं.

उणे नंबरात डोळा लांबीला थोडा जास्त वाढतो आणि प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. पोरं रोज दोनेक तास बाहेर उजेडात हुंदडली तर हा नंबर उशिरा लागतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण हे त्या आयोगापुढे कोण मांडणार? 'उन्हात हिंडू नकोस, पुस्तक घेऊन बस' हे सांगण्यात आयोगाचं कधी नव्हे ते एकमत असतं. २०१६ साली संशोधकांनी अंदाज बांधला की २०५० पर्यंत निम्म्या जगाला उणे नंबर असेल. म्हणजे तोवर 'ढापण्या' हा बहुमताचा अपमान ठरेल. थट्टा बाजूला ठेवून एकच सांगतो. पोराचा एकच डोळा अधू असला तर दुसरा त्याचं काम निभावून नेतो, कोणाला पत्ता लागत नाही, आणि मेंदू त्या अधू डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. हे लवकर, शक्यतो सातव्या-आठव्या वर्षाआधी पकडलं तर चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून बरंचसं सुधारतं.

लग्नाच्या वयात चष्मा पुन्हा चर्चेला येतो. विवाह मंडळांच्या फॉर्मवर गोत्र, उंची आणि वर्ण यांच्या शेजारी 'चष्मा : आहे / नाही' असा रकाना असायचा. मुलीचा फोटो अर्थातच चष्म्याविना. त्या फोटोंत मुली दूर कुठेतरी स्वप्नाळू बघताना दिसत, त्याचं कारण त्यांना फोटोग्राफर दिसत नसे. आता लेसरने नंबर काढतात. वय अठराच्या पुढे हवं, नंबर वर्षभर तरी स्थिर हवा, बुबुळाचा पडदा पुरेसा जाड हवा, वगैरे. माझ्या मावसभावाने पंचविशीत तो काढून घेतला आणि सगळ्यांना "कायमचा सुटलो" म्हणून पेढे वाटले. त्रेचाळिशीत पेपर पुन्हा पुसट झाला. लेसर डोळ्याच्या दर्शनी भागावर काम करतं, आतलं भिंग आपल्या वेळापत्रकाने कडक होतच राहतं, हे त्याला आधी सांगितलं होतं आणि त्याने त्या कागदावर सही पण केली होती. त्याचं म्हणणं, डॉक्टर कच्चा निघाला.

शेवटी एकदा माणूस तपासायला जातोच, बहुतेक वेळा बायको ओढून नेते म्हणून. पहिल्या यंत्रात हनुवटी टेकवली की आत एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो. तो आधी धूसर होतो, मग स्पष्ट. डोळा दूर बघून सैल पडावा म्हणून ही तजवीज असते. आपल्याला मात्र तो फुगा कुठल्या गावचा, ही चुटपुट लागून राहते. मग समोरचा तक्ता. हे तक्ते हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरने १८६२ मध्ये आणले. वर एक दांडगं अक्षर आणि खाली उतरत जाणाऱ्या ओळी. सहा मीटरवरून जे नेहमीच्या डोळ्याला वाचता यावं ते वाचलं की सहा-सहा. आमच्या माणसाला यात परीक्षेचा वास येतो. पाळीची वाट बघत असताना दाराच्या फटीतून तो शेवटची ओळ पाठ करून ठेवतो आणि आत जाऊन डाव्या डोळ्याने ती घडाघडा म्हणून दाखवतो. तोवर तक्ता बदललेला असतो.

खरा प्रसंग पुढे असतो. नाकावर ती अवजड लोखंडी चौकट चढते, त्यात काचा पडू लागतात आणि प्रश्न येतो, "हे बरं की हे?"

"पहिलं."

"आता? हे... की हे?"

"दुसरं. नाही, थांबा. पहिलं पुन्हा दाखवा."

"हे."

"हे पहिलं का? मग मघाशी ते दुसरं होतं?"

मुंबईत घर घेताना जितका विचार केला नसेल तितका इथे होतो, कारण चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा नंबर गळ्यात पडेल अशी धास्ती असते. खरं तर दोन्ही सारखेच दिसू लागले की तपासणाऱ्याचं काम झालेलं असतं. 'सारखंच' हे उत्तर त्याला हवंच असतं. पण सारखंच म्हणणं म्हणजे अभ्यास न करता आल्याची कबुली. आमचे धाकटे काका शेवटी घाम पुसत म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

त्यानंतर डोळ्यांत थेंब टाकून बाकावर बसवतात. बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास लागतो. डोळे मिटून ओळीने बसलेली ती मंडळी शेजारचा कोण हे न बघताच एकमेकांना साखर किती, प्लॉट कुठे आणि सून कशी हे सगळं सांगून टाकतात. बाहेर पडताना उजेड टोचतो, जवळचं एक अक्षर दिसत नाही, आणि बिल नेमकं तेव्हाच सहीला येतं.

या तपासणीत डोळ्यातला दाब बघतात तो काचबिंदूसाठी. काचबिंदूला बहुधा दुखणं नाही, लाली नाही. कडेची नजर आधी जाते, समोरची शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे पेपर नीट वाचता येतो आणि दोष द्यायला छापखानाही मिळत नाही. गेलेली नजर परत आणता येत नाही. आई-वडिलांना काचबिंदू असेल त्याने चाळिशीनंतर दाब आणि मागची नस नेमाने बघून घ्यावी, एवढं बोलून मी पुढे जातो.

सत्तरीत एक चमत्कार घडतो. कट्ट्यावरचे एक आजोबा एके दिवशी चष्म्याविना पेपर वाचायला लागले. श्रेय त्रिफळ्याच्या पाण्याला आणि दवात अनवाणी चालण्याला. आठवडाभरात अख्खा कट्टा बागेत वहाणा हातात घेऊन फिरू लागला, दोघांना सर्दी झाली. झालं होतं असं की आजोबांच्या भिंगाचा गाभा घट्ट होत चालला होता, त्याने डोळ्यात उणे नंबर आला आणि जवळचं फुकटात दिसू लागलं. ही मोतीबिंदूची सुरुवात. लांबची बस मात्र आता त्यांना दिसत नव्हती, पण "बसवाले पाट्याच पुसट लिहितात."

मोतीबिंदूविषयी आपल्याकडे अजून विचारतात, "पिकलाय का?" आणि "थंडीतच करा बरं का." पूर्वी मोठी चीर देऊन पूर्ण पिकलेलं भिंग काढत, तेव्हाच्या या गोष्टी. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमनने १९६७ मध्ये ही पद्धत आणली. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुताने गढूळ भिंग सुईने बाजूला सारायची रीत सांगून ठेवली होती. आणि इकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम केलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांच्या हातून लाखाहून अधिक मोतीबिंदू निघाले. आमच्या आत्याला मोतीबिंदू झाला तेव्हा तिला मात्र यातलं काही पटेना. तिला सगळ्यात भावली ती रिडलेची गोष्ट. युद्धात विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्यांनी ते मुकाट्याने सोसले, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडलेच्या लक्षात आलं. त्यावरून त्याने १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं.

"म्हणजे विमानाची काच घालणार माझ्या डोळ्यात?" आत्या म्हणाली. तिने आजवर विमानात पाय ठेवलेला नाही. त्या दिवशी तिने चाळीतल्या प्रत्येक घरी ही बातमी पोचवली.

इस्पितळात भिंगांचं दरपत्रक पुढे आलं. साधं, भारी, परदेशी, लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारं. समजावून सांगणारी मुलगी म्हणाली, "आजी, तुम्हाला लांबचं चष्म्याशिवाय दिसायला हवं की जवळचं?" आत्याने विचार करून विचारलं, "टीव्ही किती लांब असतो गं?" लांबचं ठरलं.

एका डोळ्याचं आधी झालं, दुसऱ्याचं महिन्याने. मधला तो महिना ती एक डोळा मिटायची, उघडायची, मग दुसरा. वय झालेलं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा रंग अडवून ठेवतं. नवं भिंग तो सोडतं. त्यामुळे एका डोळ्याने भिंत चहाची, दुसऱ्याने चुन्याची. चित्रकार मोने १९२३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर रंगांवरून फार वैतागला होता म्हणतात. आत्या वैतागणाऱ्यांतली नाही, तिने यादी केली. टीव्हीच्या मागचं जाळं, पंख्याच्या पात्यांवरची धूळ, माझा रंग.

धुण्याचं प्रकरण मात्र जुनं होतं. आतोबांची धोतरं पिवळी पडतात म्हणून गेली कित्येक वर्षं ती धुणंभांडी करणाऱ्या मावशींना बोल लावत होती. तीन वेळा पावडर बदलली, नीळ वाढवली, एकदा तर मावशींना काढायचंच ठरलं होतं. दोन्ही डोळे झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत गेली. दोरीवर धोतर वाळत होतं, पांढरंशुभ्र. तिने ते हाताने ताणून दोन्ही बाजूंनी बघितलं, उजेडात धरून बघितलं आणि आत वळून मावशींना म्हणाली, "बघ, मी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडले तेव्हा कुठे तुला धुता यायला लागलं!"